मिरजेत हानलेची हवा

रतनप्रभाबाईंच्या बोटावरचा आकडा अठ्ठ्याहत्तरवर उतरला, तेव्हा त्या विट्याच्या मैदानावर होत्या.

तशा त्या मिरजेतच होत्या. पूर्वी कोपऱ्याकोपऱ्यावर एस.टी.डी.चे बूथ असायचे, तेवढ्याशा काचेच्या खोलीत, आरामखुर्चीवर पाय लांब करून पडलेल्या. बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा, छातीवर तीन चकत्या आणि वय चौऱ्याहत्तर. पण डोळे मिटले की १९८८ सालचं मैदान समोर उभं राहायचं. लाल माती, चुन्याच्या रेषा, शाळेच्या गच्चीवरून लोंबकळणारी माणसं. बाई मध्यरेषा ओलांडायच्या, ओठ घट्ट मिटायच्या आणि मनातल्या मनात सुरू करायच्या, कबड्डी कबड्डी कबड्डी. छातीत जाळ उठेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. मग परत रेषेला पाय, एक मोठा श्वास, आणि पुन्हा चढाई.

शेजारच्या खोलीतून काचेवर टकटक झाली. बाईंनी डोळे उघडले. पलीकडे मुमताज शिकलगार जीभ काढून दाखवत होती.

फेरी संपून दारं उघडली तशी मुमताज म्हणाली, "काय गं रतने, झोपेत हसतीस कशाला? ती सासू बघाय लागली की!"

सासू म्हणजे यंत्र. सहा खोल्यांमधली हवा तेच सांभाळायचं, सहा जणांचे ठोके मोजायचं, कोणाचा प्राणवायू किती कमी करायचा ते ठरवायचं. दिवसभर डोळा ठेवतं आणि कधी बरं म्हणून बोलत नाही, म्हणून मुमताजनं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं होतं.

मुमताज आणि रतन, दोघी एकाच संघातल्या. रतन चढाईची आणि मुमताज डाव्या कोपऱ्यातली. समोरचीचा घोटा एकदा मुमताजच्या मुठीत आला की सुटत नसे. पुढे रतन सांगलीच्या शाळेत खेळ शिकवायला लागली आणि 'घोरपडेबाई' झाली, मुमताजनं मिरजेत शिलाईचा वर्ग काढला. पंचावन्न वर्षं दोघींची गट्टी तुटली नव्हती. दोघींच्या हृदयात एकाच वर्षी अडथळा निघाला, तेव्हा मुमताज म्हणाली होती, "तू पुढं गेलीस की मला मागं यायची सवयच लागलीय."

शस्त्रक्रिया दोघींनाही झेपणारी नव्हती. म्हणून मिरजेच्या या संशोधन केंद्रात त्यांनी नाव घातलं. केंद्राचा प्रमुख डॉक्टर नितीन सौंदत्ते हा घोरपडेबाईंचाच विद्यार्थी निघाला. पन्नाशीला आला होता, तरी बाई दिसल्या की खिशातले हात बाहेर काढायचा.

पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांना समोर बसवून समजावलं होतं. "आपल्या हृदयाला तीन मोठ्या नसा रक्त पुरवतात. त्यातली एक बुजली, तरी आजूबाजूला केसासारख्या बारीक नसा असतात. बहुतेकांच्या आयुष्यभर झोपलेल्या. त्यांना जागं करायचं असेल, तर शरीराला प्राणवायूची थोडी चणचण जाणवायला लागते. आपल्या पेशींत एक प्रथिन सारखं तयार होतं आणि प्राणवायू भरपूर असला की लगेच मोडलं जातं. हवा विरळ झाली की ते मोडायचं थांबतं, टिकतं आणि हुकूम सोडतं, नव्या वाटा काढा, तांबड्या पेशी वाढवा. डोंगरावर राहणाऱ्यांच्या शरीरात हे चालतंच. आम्ही डोंगर इथं आणतो. दहा मिनिटं विरळ हवा, पाच मिनिटं साधी, अशा रोज सहा फेऱ्या. आठ आठवडे."

"मग एकदम हिमालयाचीच हवा द्या की," मुमताज म्हणाली होती. "काम लौकर होईल."

"तिथंच तर मेख आहे, मावशी. हवा विरळ झाली की अंगातल्या नसा सैल पडतात, पण फुप्फुसातल्या नेमक्या उलट्या वागतात. त्या आवळतात. आवळलेल्या नसांत रक्त ढकलायचं काम हृदयाच्या उजव्या बाजूचं. फार वेळ, फार विरळ हवा दिली, तर ती बाजू दमते, फुगते. नेमकी किती द्यायची, हे प्रत्येकाचं वेगळं. म्हणून हे यंत्र. ते सहाही जणांकडून शिकत जातं."

बाईंनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं होतं, कारण त्यांना बरं व्हायचं होतंच, शिवाय मे महिन्यात हानलेला जायचं होतं.

हानले म्हणजे लडाखच्या पार टोकाचं गाव, चौदा हजार फुटांवर. बाईंची मुलगी मृणाल तिथल्या दुर्बिणीवर इंजिनिअर म्हणून गेली आणि तिथल्याच स्टॅन्झिनशी लग्न करून राहिली. तिची मुलगी पद्मा अकरा वर्षांची. पद्माच्या पहिल्या वाढदिवसापासून बाईंचं "येते, येते" चाललं होतं, तेवढ्यात हृदयानं दार लावलं. नात भेटायची ती भिंतीवरच्या पडद्यावर. पडद्यावरूनच बाईंनी तिला कबड्डी शिकवली. पद्मानं ती गावातल्या मुलींना शिकवली, आणि आता हानले विरुद्ध शेजारचं खोरं असा पहिला सामना मेच्या दुसऱ्या रविवारी ठरला होता.

"पंच तूच आजी," पद्मानं बजावलं होतं. "शिट्टी तूच वाजवायची. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"वाजवणार," बाई म्हणाल्या होत्या. पत्र्याच्या डब्यातली जुनी पितळी शिट्टी काढून त्यांनी चिंचेनं घासली, आणि गळ्यात घातली.

चौदा हजार फुटांवर जायचं तर सौंदत्तेचं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळण्यासाठी त्या काचेच्या खोलीत पडून राहायचं होतं. अट एकच, शांत पडायचं.

पण पहिल्याच आठवड्यात हवा विरळ झाली आणि छातीत ती जुनी ओळखीची आग पेटली. बाईंना हसूच फुटलं. ही तर चढाईतली आग! पंचावन्न वर्षांत ती भेटली नव्हती. भेटल्यावर तिच्याशी न खेळता गप्प पडून राहणं त्यांना जमेना. मग रोज चढाया सुरू झाल्या. दहा मिनिटांत बारा-तेरा. कोणाला सांगायचं काही कारणही त्यांना वाटलं नाही. मनातल्या मनात कोण काय खेळतं, ते डॉक्टरांना कशाला सांगायचं?

पाचव्या आठवड्यात सौंदत्ते धावतच बाहेर आला. त्याच्या हातातल्या पडद्यावर बाईंचं हृदय धडधडत होतं, सोनेरी रेषांनी भरलेलं.

"बाई, हे बघा! हा अडथळा. आणि ह्या त्याला वळसा घालून गेलेल्या नसा. पाच आठवड्यांपूर्वी इथं काहीही नव्हतं. आम्हाला वर्षात जेवढं मिळेलसं वाटलं नव्हतं, तेवढं तुम्ही सव्वा महिन्यात केलंय!"

बाईंनी चष्मा वर केला. पावसाळ्यानंतर माळावर आपोआप पायवाटा उमटतात, तशा त्या रेषा दिसत होत्या. आपल्या आत, या वयात, काहीतरी नवीन उगवतंय! त्यांनी तिथल्या तिथं मुमताजचा दंड आवळला.

"आणि गंमत सांगू?" सौंदत्ते अजून रंगात होता. "प्राणवायू कमी झाला की ठोके वाढतात, हा नियम. तुमचा आकडा अठ्ठ्याहत्तरपर्यंत उतरतो आणि ठोके चक्क कमी होतात. असं हृदय मी पाहिलं नाही. मे महिन्यात खुशाल जा. सोमवारी प्रमाणपत्र देतो."

"बघ सासूबाई," मुमताज यंत्राकडं बघून म्हणाली, "आमची रतन पहिली आली."

त्या संध्याकाळी बाईंनी मृणालला फोन लावला, विमानाची तिकिटं काढली, लोकरी पायमोजे काढले. पद्मा पडद्यावर नाचत होती. तिच्या मागे स्टॅन्झिन मैदान आखत होता, चुना नाही म्हणून चुलीतल्या राखेनं.

दोन दिवसांनी मुमताज आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, ती भिंत धरून. पाय सुजलेले, चार पायऱ्या चढताना दोनदा थांबली.

"उन्हानं झालं असंल," ती म्हणाली.

सौंदत्तेनं तिच्या छातीवर तपासणीची कांडी फिरवली आणि त्याचा चेहरा उतरला. "उजव्या बाजूवर ताण आलाय. फुप्फुसातला दाब वाढलाय. चार दिवसांत एवढा कसा?" तो स्वतःशीच बोलला. "उलट आपण तर आता जास्त चांगल्या मात्रेवर गेलोय."

"कसली मात्रा?" बाईंनी विचारलं.

"अहो, तुमचीच! यंत्र दर फेरीतला सगळ्यात खालचा आकडा धरतं. तुमचा अठ्ठ्याहत्तर, ठोके शांत, आणि नसा एवढ्या वाढलेल्या. त्यावरून त्यानं ठरवलं की बाकीच्यांनाही अठ्ठ्याहत्तर सोसेल. सोमवारपासून पाचही जणांना तेवढी हवा आहे. पूर्ण दहा मिनिटं."

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांच्या ध्यानात आलं. अगदी सरळ हिशेब होता. त्या अठ्ठ्याहत्तरला जायच्या त्या चढाईच्या शेवटी, पाच-सात सेकंद. मग श्वास घ्यायच्या आणि आकडा पुन्हा वर. मुमताज मात्र दहा मिनिटं सलग त्या तळाला पडून होती. आणि मुमताजबरोबर आणखी चौघं. काल तर त्यातले निवृत्त पोस्टमास्तर मगदूमही छातीत भरल्यासारखं होतं म्हणत होते.

"नितीन, आज खोल्या बंद ठेव."

"का बाई?"

"मी सांगते म्हणून ठेव." आवाज शाळेच्या मैदानावरचा निघाला. सौंदत्तेनं मुकाट्यानं कळ दाबली. "उद्या सकाळी सांगते काय ते," एवढं बोलून बाई मुमताजला रिक्षात घालून तिच्या घरी घेऊन गेल्या.

मुमताजला पलंगावर टेकवून, पायाखाली दोन उशा ठेवून बाईंनी सगळं सांगितलं. मुमताज ऐकत राहिली. मग एकदम हसायला लागली, खोकला येईपर्यंत.

"म्हंजे परत तेच केलंस!"

"काय परत?"

"विट्याचा सामना. शेवटची चढाई. तू त्यांच्या कोपऱ्यात अडकलीस, दोघी अंगावर, आणि मधीच दम चोरलास. हळूच. नाकानं." मुमताजनं हुबेहूब नाक हलवून दाखवलं. "पंचाला दिसलं न्हाई. मी रेषेवर हुते. मला दिसलं."

दम मोडला की चढाई करणारी बाद, हा खेळाचा पहिला नियम. त्या एका चढाईवर त्यांचा संघ जिल्ह्यात पहिला आला होता. त्या करंडकावर त्यांना नोकरी लागली होती. आणि नंतर पस्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर उभ्या राहून त्यांनी मुलींना सांगितलं होतं, दम चोरायचा नाही.

"पंचावन्न वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? करंडक तर माझ्याच डोक्यावर हुता!" मुमताजनं त्यांचा हात धरला. "आताबी न्हाई बोलणार. तूबी बोलू नको. माझं मी नाव काढून घेते, म्हंजे झालं. तुझी तिकिटं काढून झालीत. पोरगी वाट बघतीय."

"आणि मगदूम? बाकीचे तिघं?"

मुमताजनं धरलेला हात सोडला.

"एवढासा श्वास होता गं," बाई म्हणाल्या. "तेव्हाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सौंदत्तेच्या टेबलावर प्रमाणपत्र तयार होतं, फक्त सही राहिली होती. बाई उभ्याच राहिल्या. गळ्यातली शिट्टी त्यांनी मुठीत धरली होती.

"नितीन, मी खोलीत श्वास रोखून धरते. रोज. पहिल्या आठवड्यापासून."

"म्हणजे?"

"चढाया करते. मनात." आणि त्यांनी सगळं सांगितलं, अगदी नाकानं दम कसा चोरायचा तेही.

सौंदत्ते खुर्चीतून पुढं झुकला. "पण बाई, या खोलीत माणूस हवेसाठी धडपडतो! श्वास रोखून कोण धरेल? म्हणून तर आम्ही श्वास मोजायचा पट्टाच लावला नाही." तो उठून फेऱ्या मारायला लागला. मग थबकला. त्याच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी पेटायला लागलं. "म्हणून ठोके कमी! श्वास रोखला की शरीराला वाटतं आपण पाण्याखाली गेलो. हृदय धिमं होतं, हातापायांच्या नसा आवळतात, रक्त हृदयाकडं आणि मेंदूकडं वळतं, प्लीहा साठवलेल्या तांबड्या पेशी बाहेर टाकते. डोंगर आणि डोह, दोन्ही एकदम! छोटे छोटे झटके, आणि मधे पूर्ण विश्रांती, त्यामुळं फुप्फुसावर ताण नाही... बाई, हे कोणी करूनच बघितलेलं नाही!"

"ते तू बघ. आधी त्या सासूला सांग, माझे आकडे खोटे आहेत म्हणून."

त्यानं तिथल्या तिथं बाईंच्या सगळ्या नोंदी यंत्रातून वेगळ्या काढल्या. पाचही जणांची हवा पुन्हा पहिल्या मात्रेवर आणली. मगदूमांना तपासायला बोलावलं. मग तो परत येऊन बसला आणि प्रमाणपत्राकडं बघत राहिला.

"नसा खऱ्या आहेत," बाई हळूच म्हणाल्या. आशा काही सुटत नव्हती. "त्या तर उगवल्याच ना?"

"उगवल्या. पण इथं तुम्ही दम सोडला की हवा मिळते, बाई. हानलेत रात्रंदिवस तीच हवा. तिथं दम सोडायला रेषाच नाही. तुमचं हृदय तिथं आठ दिवस कसं वागेल, हे मला आज ठाऊक नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. या वेळी पट्टा लावून."

बाईंनी मान हलवली. त्यांनी स्वतःच तो कागद उचलला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. नियम मोडला की गडी बाहेर. हे तर त्या मुलांना पाचवीपासून शिकवत आल्या होत्या. समोरच्या याला सुद्धा.

पद्माला सांगणं सगळ्यात जड गेलं. ती रडली नाही. पडद्यावरून निघून गेली, आणि स्टॅन्झिननं येऊन कॅमेरा बंद केला.

मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सौंदत्तेचा फोन आला. "बाई, शिट्टी घेऊन या."

केंद्राला सुट्टी होती. मधल्या खोलीची समोरची भिंत त्यानं पूर्ण पडदा केली होती. पडद्यावर तपकिरी डोंगर, निळंभोर आकाश, वाऱ्यानं फडफडणाऱ्या पताका आणि राखेनं आखलेलं मैदान.

"खोलीतली हवा आत्ता हानलेची आहे. बरोबर तेवढीच. मी तासभर इथं बसतो, प्राणवायूची नळी हाताशी ठेवतो. आणि हा पट्टा. बाई, प्लीज, आज श्वास घ्यायचा."

"घेते रे."

काचेबाहेर खुर्ची टाकून मुमताज बसली होती. सूज उतरली होती, रंग परत आला होता. सौंदत्तेनं सुरू केलेल्या नव्या वर्गात तीच पहिली आली होती, श्वास धरून-सोडून नसा वाढवायच्या वर्गात. बाई आत गेल्या, दार मिटलं. हवा पातळ झाली, छातीत ती ओळखीची ऊब उठली. आत्ता पद्मा जी हवा घेते आहे तीच आपण घेतोय! बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला.

पडद्यावर पद्मा आली. अजून फुगलेली. पण आजीच्या गळ्यातली शिट्टी दिसली आणि तिला हसू आवरेना. "ऐकू येईल का गं इथपर्यंत?"

बाईंनी शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली. चौदा हजार फुटांवरच्या पन्नास-साठ माणसांनी एकदम माना वळवल्या, एक याक बिचकून बाजूला झाला.

काय खेळल्या त्या पोरी! जन्मच त्या हवेतला. त्यांच्या नसा आधीपासून मोकळ्या, रक्त न दाटता वाहणारं. एकेक चढाई मिनिट-मिनिट चालली. बाई खुर्चीच्या कडेवर सरकून ओरडत होत्या, बोट दाखवत होत्या, बाद देत होत्या. बोटावर चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. सौंदत्तेनं आकड्याकडं बघायचं सोडून दिलं होतं.

एकोणीस-एकोणीस. शेवटची चढाई, पद्माची.

ती वाऱ्यासारखी आत शिरली. कबड्डी कबड्डी कबड्डी. एकीला शिवली, वळली, आणि कोपऱ्यातल्या मुलीनं तिचा घोटा धरला. दुसरी अंगावर आली. पद्मा रेषेकडं सरपटत होती, दोन हात, एक हात, ओठ हलत होते, आवाज चालू होता, आणि मधेच, हळूच, नाकपुडी हलली.

तिचं बोट रेषेला लागलं. हानले जल्लोषानं दुमदुमलं.

बाहेर मुमताज खुर्चीवरून अर्धी उठली होती. तिनं काचेतून रतनकडं पाहिलं. काही बोलली नाही. तेव्हाही बोलली नव्हती.

रतनप्रभाबाईंनी हानलेची हवा छातीभर घेतली आणि शिट्टी फुंकली. लांब, जोरात, जल्लोष थांबेपर्यंत.

"दम मोडला. पद्मा बाद."

पद्मा कॅमेऱ्यासमोर आली, गाल लाल, केसांत राख. "आजी, इथं कोणालाच दिसलं नाही! तुला तिथं बसून कसं कळलं? एवढासा तर श्वास होता!"

"तेवढाच असतो, बाळा," आजी म्हणाली. "माझाही तेवढाच होता. ये, जवळ बस, सांगते तुला. विट्याला एक मैदान होतं..."

काचेवर टकटक झाली. मुमताज डोळे पुसत, हसत, स्वतःकडं बोट दाखवत होती: मीबी हुते म्हणावं तिला, रेषेवर मीबी हुते.